समेची जागा

२०.३२ मिलिमीटर. एका नॉबच्या मध्यापासून शेजारच्या नॉबच्या मध्यापर्यंतचं हे अंतर ठरायला मला सहा आठवडे लागले. ठाण्याहून रबाळ्याला जाणाऱ्या लोकलमध्ये उभ्याउभ्या, जेवताना ताटाच्या कडेवर, रात्री दिवा मालवल्यावर पांघरुणावर बोटं टेकवून मी हे अंतर मोजत होते. आता ते पक्कं झालंय. टेबलावर २ मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय. त्याला अजून एकही भोक पडलेलं नाही, आणि ते पडायच्या आत हे सगळं लिहून ठेवावंसं वाटलं.

मी एक सीक्वेन्सर बांधते आहे. ज्यांचा सिंथेसायझरशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मॉड्युलर सिंथेसायझरला कोणता स्वर लावायचा हे व्होल्टेजनं सांगता येतं. बहुतेक ठिकाणी हिशेब असा, की एक व्होल्ट वाढला की स्वर बरोबर एक सप्तक वर. सप्तकात बारा स्वर, म्हणजे सा पासून कोमल रिषभापर्यंत जायला ८३ मिलिव्होल्टच्या आसपास पुरतात. सीक्वेन्सरवर आठ-दहा नॉब असतात. प्रत्येक नॉबवर एकेक व्होल्टेज लावून ठेवायचं, आणि आतलं घड्याळ ओळीनं एकेका नॉबपाशी जाऊन तिथलं व्होल्टेज बाहेर पाठवतं. शेवटचा नॉब झाला की पुन्हा पहिला. ते चक्र चालू असताना आपण नॉब फिरवत राहायचं आणि सुरावट बदलत न्यायची.

माझ्या सीक्वेन्सरच्या पोटात ४०१७ नावाची सोळा पायांची चिप आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज मिळते. शाळेत असताना गणपतीच्या मखराला मी धावते दिवे केले होते, ते याच चिपवर. घड्याळाचा एक ठोका पडला की ती एका पायावरून दुसऱ्या पायावर सरकते. असे दहा पाय, मग पुन्हा पहिला. गंमत अशी की हे पाय क्रमानं नाहीत. पहिलं आउटपुट तिसऱ्या पायावर, दुसरं दुसऱ्यावर, मग चार, सात, दहा, एक, पाच, सहा, नऊ, अकरा. समोरून पाहणाऱ्याला दिवे शिस्तीत ओळीनं पेटताना दिसतात आणि मागे वायरी एकमेकींवरून उड्या मारत असतात.

दहा आउटपुट असली तरी सगळे हिला आठावर आणून थांबवतात. नववं आउटपुट उचलायचं आणि पंधराव्या पायाला, म्हणजे रीसेटला जोडायचं. आठ झाले की चिप स्वतःच स्वतःला पहिल्यावर पाठवते. मीही तेच केलं होतं. ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता सर्किट जुळवायच्या पाटीवर, आठ पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर), आठ दिवे, बाजूला छोटा स्पीकर.

एका रविवारी ती रीसेटची वायर निघाली. पंधराव्या पायापासून ग्राउंडला एक रेझिस्टर मी आधीच लावून ठेवला होता, त्यामुळे मोजणी बिघडली नाही, फक्त आठाच्या पुढे जायला लागली. आठ स्वर, मग दोन रिकाम्या जागा, पुन्हा आठ स्वर. मी वायर शोधत होते. ताई सोफ्यावर बसून मेथी निवडत होती. ती बारा वर्षं तबला शिकलेली, अजूनही आठवड्यातून दोन दिवस ऐरोलीहून आमच्याकडे ठाण्याला येते तेव्हा डग्गा खाली काढतेच. तिच्या हातातली मेथी थांबली आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला.

"झपताल लावलायस?" तिनं विचारलं.

मी काहीच लावलं नव्हतं. पण झपतालाच्या मात्रा दहा, आणि दहा म्हणजे दहा. ती हलक्या आवाजात म्हणायला लागली: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. माझे शेवटचे दोन रिकामे ठोके तिच्या "धी ना" वर पडत होते आणि आवर्तन समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येताना अशी काही ओढ लागत होती की मी वायर परत जोडलीच नाही.

त्या दिवसापर्यंत पॅनेल माझ्या लेखी शेवटचं काम होतं. सर्किट झालं की एक पत्रा घ्यायचा, भोकं पाडायची, नावं लिहायची. त्या दिवसानंतर मला कळेना की नॉब किती ठेवायचे, ते कुठे ठेवायचे, आणि माझ्या यंत्राला पहिली मात्रा आणि पाचवी मात्रा यांच्यातला फरक माहीत असायला हवा की नको.

या आठाच्या मागे थोडा इतिहास आहे. मूग या अमेरिकन कंपनीच्या १९६० च्या दशकातल्या मोठ्या मॉड्युलर यंत्रांत जो ९६० नावाचा सीक्वेन्सर होता, त्यावर आठ-आठ नॉबच्या तीन ओळी होत्या. पुढे कितीतरी यंत्रांनी तोच आठ किंवा त्याची दुप्पट सोळा घेतली. चार-चारच्या मापात बसणाऱ्या संगीताला ते बरोबर बसतं. माझं या सगळ्यांत आवडतं पॅनेल मात्र १९८० च्या रोलँड टीआर-८०८ या ड्रम मशीनचं आहे. खालच्या कडेला सोळा बटणं, आणि ती एकाच रंगाची नाहीत: चार लाल, चार केशरी, चार पिवळी, चार पांढरी. आपल्याकडे तीनताल ज्याच्या कानावर पडलाय त्यानं ती बटणं एकदा पाहावीत. सोळा मात्रा, चार खंड, आणि प्रत्येक खंडाला स्वतःचा रंग. ज्यांनी हे बनवलं त्यांच्या मनात तीनताल असायचं कारण नाही, पण न मोजता आपण कुठे आहोत हे डोळ्याला कळावं ही गरज तीच आहे. १९८२ साली आपल्या मुंबईतले चरणजित सिंग हे ८०८ आणि टीबी-३०३ हा बासचा सिंथेसायझर घेऊन राग वाजवायला बसले. त्या सोळा खटक्यांसमोर त्यांची बोटं पहिल्यांदा आली असतील तेव्हा काय झालं असेल, याचा मी कितीदा तरी विचार केलाय.

तर मला दहा नॉब हवे होते. सहा मात्रांवर परतलं तर दादरा, सातावर रूपक, आठावर केरवा, आणि काहीच न करता सोडून दिलं तर झपताल. एक फिरता स्विच लावून कोणतं आउटपुट रीसेटला जायचं ते निवडता येतं. सर्किटच्या दृष्टीनं हे पाच मिनिटांचं काम. पॅनेलच्या दृष्टीनं यातूनच सगळा गुंता सुरू झाला.

पहिली कल्पना वर्तुळाची. आवर्तन म्हणजे वर्तूळच, मग नॉब ओळीत कशाला? मी ज्या मापाचं मॉड्यूल करते आहे ते युरोरॅक, जर्मनीच्या डोएफर कंपनीनं १९९५ च्या सुमारास ए-१०० या मालिकेतून रुजवलेलं. पॅनेलची उंची १२८.५ मिलिमीटर ठरलेली. रुंदी एचपीमध्ये मोजायची, एक एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर. वरची खालची रूळपट्टी सोडली तर मागच्या बोर्डाला ११० मिलिमीटरच्या आतबाहेर जागा मिळते. ८० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर दहा नॉब ठेवले तर दोन नॉबमध्ये जवळजवळ २५ मिलिमीटर मिळतात. ऐसपैस. मी कागदावर काढलं, रंगवलं, दोन दिवस त्याच्याकडे बघत बसले. फार देखणं दिसत होतं.

मग मिठाईच्या खोक्याच्या झाकणावर पेन्सिलीनं भोकं पाडून खरे पॉट बसवले, नॉब चढवले, आणि वाजवल्यासारखं करून पाहिलं. वरचा नॉब फिरवायला गेले की मनगटाखाली अर्धं वर्तूळ झाकलं जायचं. खालचे दिवे पेटताहेत की नाही तेच दिसेना. आणि रूपक लावला की दहातले सातच पेटायचे. सातव्यावरून पहिल्यावर येताना उजेड तीन मेलेल्या नॉबवरून उडी मारायचा. ज्या गोलाईसाठी हा खटाटोप ती दहा मात्रांनाच खरी होती. बाकी तिन्ही तालांत वर्तूळ तुटकं. ते झाकण मी टाकलेलं नाही, पण वर्तूळ सोडलं.

ओळ ठरली. आता अंतर. तीन एचपी, म्हणजे १५.२४ मिलिमीटरवर नॉब घेतले तर पॅनेल छोटं होतं, खर्च कमी, केसमध्ये जागा उरते. माझे नॉब १३ मिलिमीटर व्यासाचे. दोघांमध्ये सव्वादोन मिलिमीटरची फट. त्यात बोट जात नाही; चौथा स्वर थोडा चढवायला जावं तर तिसरा उतरतो. पाच एचपीवर बोटं मोकळी होतात, पण मग दहा नॉबच २५४ मिलिमीटर खातात. चार एचपीवर दोन नॉबमध्ये सव्वासात मिलिमीटर राहतात, तर्जनी आणि अंगठा दोन्ही बाजूंनी सुखानं उतरतात. शिवाय एक गोष्ट अशी जुळली की मला त्या रात्री झोप लागेना: माझ्या व्हेरोबोर्डच्या, म्हणजे मागच्या भोकाभोकांच्या बोर्डाच्या, भोकांमधलं अंतर २.५४, आणि २०.३२ म्हणजे त्याची बरोबर आठ घरं. मागचा बोर्ड आणि पुढचा पत्रा एकाच मापात श्वास घेणार होते. दहा नॉबांचे ४० एचपी, डावीकडे बाकीच्या गोष्टींसाठी १२, एकूण ५२. गुणाकार २६४.१६ येतो, पण पत्रा २६३.८ लाच कापायचा, नाहीतर शेजारचं मॉड्यूल खेटून बसत नाही.

इथे एक चूक केली, ती सांगायलाच हवी, कारण हे वाचून कोणी पत्रा हातात घेईल. ड्रॉइंगचा प्रिंट काढला, रद्दीतल्या एका पत्र्यावर चिकटवला, पंच मारले, दहाही भोकं पाडली. कडा कानशीनं साफ केल्या, भोकं गोल, सरळ रेषेत. मग मागून दिव्यांचा बोर्ड लावायला गेले. पहिला दिवा भोकात बसला, दुसरा बसला, तिसरा जरा ओढून घ्यावा लागला, पाचव्याला मी हात थांबवला. प्रिंट काढताना कागदाच्या मापात बसवण्याची खूण तशीच राहून गेली होती आणि सगळं तीन टक्क्यांनी आकसलं होतं. एका अंतरात ते दिसत नाही, जेमतेम सहा दशांश मिलिमीटरची चूक. पण पहिल्यापासून दहाव्यापर्यंत नऊ अंतरं आहेत, १८२.८८ च्या जागी १७७ आणि थोडं. दहाव्या भोकापाशी साडेपाच मिलिमीटरचा फरक. आता प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात मी १०० मिलिमीटरची एक रेघ काढते, आणि प्रिंट हातात आला की आधी स्टीलची पट्टी त्या रेघेवर ठेवते.

जॅक, म्हणजे वायरी खोचायची भोकं, सगळे खाली. हे मी कोणाचंही ऐकायला तयार नाही. जॅक वर ठेवले की वायरी नॉबांवर आणि दिव्यांवर लोंबतात, आणि वाजवताना आपण वेलींत हात घालतोय असं होतं. वर दिवे, त्याखाली नॉब, त्याखाली प्रत्येक मात्रेचा छोटा स्विच, तळाशी जॅक.

खरी अडचण मधल्या मोकळ्या जागेची होती. केरवा चार-चार, दादरा तीन-तीन. रूपक तीन-दोन-दोन. झपताल दोन-तीन-दोन-तीन. मला पॅनेलवर खंड दिसायला हवे होते, ८०८ च्या रंगांसारखे. पण चौथ्यानंतर फट सोडली तर दादरा बिघडतो, तिसऱ्यानंतर सोडली तर झपताल. चारही तालांचे खंड एकावर एक ठेवून पाहिले तर दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या आणि सातव्या नॉबनंतर रेघ येते. एवढ्या रेघा मारल्या की एकही रेघ काही सांगत नाही. तीन आठवडे मी इथेच अडकले होते. वहीची अकरा पानं भरली, एकात खंडांच्या रेघांना चार रंग, एकात चार उंच्या, एकात नॉबच वर-खाली सरकवलेले.

ताई पुढच्या खेपेला आली तेव्हा मी पुठ्ठ्याचं पॅनेल तिच्या मांडीवर ठेवलं. मागे ब्रेडबोर्ड, सगळ्या वायरी, दिवे पेटताहेत. पहिला दिवा मी लाल लावला होता, समेचा म्हणून. बाकी नऊ पांढरे. तिनं केरव्यावर दोन आवर्तनं ऐकली, मान डोलावली, एक-दोन नॉब फिरवले. मग स्विच सातावर नेला. दिवे फिरायला लागले: ती ती ना, धी ना, धी ना. तिचा हात मांडीवर टाळी द्यायला उठला आणि अर्ध्यात थांबला.

"हा लाल का आहे?"

"समेचा आहे ना."

"अगं, पण रूपकात समेवरच काल असते. मी इथे टाळी देत नाही, हात उलटा टाकते. आणि हा दिवा मला ठणकावून सांगतोय की टाळी दे."

तिनं परत हात करून दाखवला. पहिल्या मात्रेला तळवा वर, चौथीला टाळी, सहावीला टाळी. त्याच वेळी माझा लाल दिवा पहिल्या मात्रेला टाळी मारत होता. मला हे माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी तिच्या शेजारी बसून मी हे हजारदा पाहिलंय. पण पॅनेल आखताना मी पहिली जागा आणि जोराची जागा एकच धरली होती, आणि ते इतकं सवयीनं की वहीच्या अकरा पानांत एकदाही शंका आली नाही.

त्या रात्री उत्तर सापडलं, आणि ते दोन्ही अडचणींना पुरलं. खंड, टाळी, काल यातलं काहीच पत्र्यावर कोरायचं नाही. पत्र्यावर दहा नॉब सारख्या अंतरावर, दहा दिवे एकाच पांढऱ्या रंगाचे. दिव्यांच्या ओळीवर बसेल अशी दुधी अ‍ॅक्रिलिकची पट्टी, २०३ मिलिमीटर लांब, १६ उंच, २ जाड. प्रत्येक तालाची वेगळी. तिच्यावर त्या तालाच्या खंडांच्या रेघा आणि भातखंडे पद्धतीच्या खुणा: समेला फुली, कालेला शून्य, बाकी टाळ्यांना आकडे. दिवा मागून पेटला की खूण उजळते. ताल बदलला की पट्टी बदलायची. केरव्याच्या पट्टीवर आठव्या मात्रेनंतर दोन घरं गडद, तिथे काही वाजतच नाही. आधी पट्टी खाचेतून उजवीकडून सरकवायचा विचार होता, पण केसमध्ये उजवीकडे दुसरं मॉड्यूल येणार आणि त्याचे नॉब आडवे येणार. म्हणून दोन टोकांना हातानं फिरवायचे दोन एम३ स्क्रू.

पट्टी बदलायला अर्धं मिनिट जातं. मैफलीत हे चालेल का, असं एका मित्रानं विचारलं. तबलजी राग-ताल बदलताना हातोडी घेऊन गट्ठे ठोकतोच की, आणि आपण तो वेळ त्याला देतो.

मग शब्दांचा प्रश्न आला. पॅनेल मराठीत करायचं हे माझं सुरुवातीपासून ठरलेलं. त्यात अभिमानापेक्षा सोय जास्त होती: ताई हे वाजवणार होती, आणि तिच्यासाठी या सगळ्या गोष्टींना आधीच शब्द आहेत. घड्याळाच्या वेगाला लय. स्टेप म्हणजे मात्रा. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचा जो नॉब असतो त्याला मींड, हे लिहिताना तर अंगावर काटा आला; दुसरा शब्द सुचूच शकत नाही. स्वराचं व्होल्टेज जिथून बाहेर पडतं तो जॅक स्वर. प्रत्येक मात्रेला आवाज उघडणारा जो ठोका निघतो तो ठोका. मात्रा वाजवायची की गाळायची हे ठरवणारे दहा स्विच आहेत, त्यांच्या खालच्या बाजूला मी फक्त "ऽ" कोरायचं ठरवलं. बोल लिहिताना रिकामी मात्रा आपण तशीच दाखवतो.

रीसेटच्या बटणाला मी सुरुवातीला "सम" लिहिलं होतं. ताईनं ते वाचलं आणि लगेच काही बोलली नाही. आवर्तन चालू असताना पाचव्या मात्रेला ते बटण दाबलं, यंत्र पहिल्यावर आलं. "ही सम नव्हे," ती म्हणाली. "ही तू त्याची मान पकडून आणलीस." खरं होतं. त्या बटणाला आता "परत" आहे. आणि "सम" हा शब्द मी तळाच्या एका जॅकला दिला: ४०१७ च्या पहिल्या आउटपुटवरून दर आवर्तनाला एकदाच जो ठोका निघतो तो तिथून बाहेर पडतो. दुसऱ्या कोणत्याही यंत्राला तो जोडला की त्यालाही आवर्तन कुठे पुरं झालं ते कळतं. आधी हा जॅक ड्रॉइंगमध्ये नव्हताच. शब्दाला जागा हवी म्हणून तो आला.

दुगुनही तशीच आली. ताईला लय हळूहळू वाढवायची नव्हती, बरोबर दुप्पट हवी होती, नॉब अंदाजानं फिरवून मिळणारी नको. म्हणून घड्याळ मुळातच दुप्पट वेगानं चालवलं, ४०१३ चिपनं त्याचे दोन भाग केले, आणि डावीकडे एक खटका: वर दुगुन, खाली ठाय. पॅनेलवरच्या दोन शब्दांसाठी मागे एक नवी चिप.

कोरीवकामाला मी वागळे इस्टेटमध्ये गेले. ठाण्यातली ही जुनी औद्योगिक वसाहत. आता काचेच्या इमारती वाढल्या आहेत, पण मागच्या गल्ल्यांत अजून लेथचा आवाज येतो आणि गटाराजवळ अ‍ॅल्युमिनियमचा कीस चमकतो. तिथे एक काका कंट्रोल पॅनेलच्या नावपट्ट्या कोरतात: मोटर ऑन, पंप दोन, इमर्जन्सी स्टॉप. भिंतीवर दोन थरांच्या प्लास्टिकचे तुकडे टांगलेले, वरचा थर कोरला की खालचा रंग दिसतो असे. त्यांनी माझा कागद उलटसुलट करून पाहिला.

"मॅडम, हे मराठी आहे."

"हो काका."

"मशीन मराठी ओळखत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे टाकतं."

त्यावर उपाय होता, अक्षरांचं रेखाचित्र करून द्यायचं. मी तसं करून नेलं. त्यांनी एका तुकड्यावर "लय" कोरून दाखवलं आणि तेव्हा दुसरी गोष्ट कळली. संगणकावरचं अक्षर म्हणजे बाहेरची कड. कोरणीचं टोक त्या कडेनं फिरतं, त्यामुळे ४ मिलिमीटरच्या अक्षरात प्रत्येक दांड्याच्या दोन बारीक भिंती उठतात आणि मधे पोकळ. इंग्रजीसाठी काकांकडे एकेरी रेघेचे साचे आहेत. देवनागरीसाठी नव्हते.

म्हणून मी अक्षरं स्वतः काढली. शाळेत बोरूनं गिरवायचो त्याच्या नेमकं उलट: जाडी काढून टाकायची, फक्त हाताची वाट ठेवायची. ल ची गाठ एका ओढीत कशी जाते, त ची शेपटी शिरोरेषेला कुठून लटकते, ठ चं वर्तूळ कुठे मिटतं. हे करताना लक्षात आलं की इंग्रजी मोठी अक्षरं अडीच मिलिमीटरलाही वाचता येतात, पण आपल्या अक्षराला वर मात्रा-वेलांटीचा मजला आणि खाली उकाराचं तळघर लागतं. चार मिलिमीटरच्या खाली जाताच येत नाही. "परत" चटकन झालं, साधी तीन अक्षरं. "दुगुन" चे दोन उकार खालच्या खटक्याच्या नटाखाली जात होते, म्हणून खटका दीड मिलिमीटर खाली सरकला. "मींड" नं मला सगळ्यात जास्त छळलं. वेलांटीची पताका आणि तिच्यावरचा अनुस्वार. टोक तीन दशांश मिलिमीटरचं, ठिपका वेलांटीला चिकटतो आणि वाचणाऱ्याला "मीड" दिसतं. अनुस्वार गाळावा असं एकदा मनात आलं. मग ते एकच नाव पाच मिलिमीटर केलं आणि त्यासाठी वरचा लयीचा मोठा नॉब थोडा वर नेला. ड्रॉइंगची ती चौदावी आवृत्ती.

काकांनी नवी अक्षरं अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावर कोरली, त्यात काळा एनॅमल भरला, वरून फडकं मारलं. पावसाची हवा होती, वाळायला दोन दिवस लागतील म्हणाले, पण ओल्यातही दिसत होतं. ते तुकडा खिडकीशी धरून बराच वेळ पाहत राहिले. "मींड" वर त्यांनी अंगठ्याचं नख फिरवलं. मग आतून एक जुना डबा आणला, त्यात ते नाकारलेले तुकडे ठेवतात, आणि एका तुकड्यावर "धोका" कोरलेलं दाखवलं, पोकळ भिंतींचं. माझ्या एकेरी अक्षरांची फाइल त्यांना हवी होती. मी तिथेच दिली. धोका, चालू, बंद, एवढे शब्द वेगळे काढून देईन असंही सांगितलं.

शेवटच्या ड्रॉइंगमध्ये एक बदल या बुधवारचा आहे. मात्रांच्या फिरत्या स्विचला चार जागा होत्या: ६, ७, ८, १०. ताईनं फोनवर सहज विचारलं, "आणि पाच? नऊ?" मी म्हटलं, पाच-नऊचं कोण वाजवतं. "कोणी वाजवत नसेल तर मी बसवीन," ती म्हणाली. स्विच बारा जागांचा आहे, आतलं वायसर हलवलं की थांबा पुढे सरकतो, दोन वायरी वाढवायच्या. आता पाचपासून दहापर्यंत सगळ्या जागा आहेत, प्रत्येकी तीस अंशांवर. पट्ट्या मात्र चारच तालांच्या केल्या आहेत, म्हणून पाच आणि नऊ पाशी आकडा न लिहिता नुसता ठिपका ठेवला.

काल काकांनी ड्रॉइंग समोर घेऊन एकेका नावावर टिक केली. लय, परत, मींड, ठाय, दुगुन, मात्रा, स्वर, ठोका, सम. मग पेन्सिलीचं टोक त्या दोन ठिपक्यांवर ठेवलं.

"इथे नाव राहिलंय, मॅडम."

"राहू दे काका. ठिपकेच कोरा."

त्यांनी दोन्ही ठिपक्यांभोवती गोल केला, शेजारी "बरोबर" लिहिलं, आणि शनिवारी पत्रा घेऊन यायला सांगितलं.